घरसजावटीचे मूलघटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईकडच्या राहत्या घरांची अंतर्गत सजावट हे माझं रोजचं काम. नव्या फ्लॅटची चावी हातात पडली की लोक जे विचारतात, त्यातले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिझाइनचे मूलघटक म्हणजे नेमकं काय? ते किती असतात?

साधारण सात मोजतात: जागा, उजेड, रेषा, आकार, रंग, पोत आणि नक्षी. कुणी सपाट आकार आणि घनाकार वेगळे धरतात, कुणी नक्षी पोतातच घालतात. आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

लक्षात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. हे घटक विकत आणावे लागत नाहीत. रिकाम्या फ्लॅटचं कुलूप उघडून आत पाऊल टाकलंत की बहुतेक सगळे तिथे आधीपासून हजर असतात: खिडकीतला उजेड, छताखालून गेलेल्या तुळईची आडवी रेषा, फरशीचा थंड गुळगुळीत पोत, दरवाजांचे उभे चौकोन. बिल्डरने, सूर्याने आणि शेजारच्या इमारतीने अर्धं डिझाइन करून ठेवलेलं असतं. ते न पाहता खरेदीला निघणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.

२. मग समतोल, प्रमाण, लय हे काय असतं? तेही मूलघटक का?

नाही, ती रचनेची तत्त्वं. घटक म्हणजे हाताशी असलेली सामग्री, आणि तत्त्व म्हणजे ती कशी मांडायची याचा विचार. सोफ्याचा आकार हा घटक; तो खोलीला भारी होतो की शोभतो हा प्रमाणाचा प्रश्न. या पानावर मुख्यतः घटकांबद्दलच बोलू.

३. सुरुवात कशाने करायची? आम्ही रंग ठरवूनच ठेवला आहे.

रंग थोडा मागे ठेवा. आधी जागा, मग उजेड, मग रेषा आणि आकार, त्यानंतर पोत, आणि शेवटी रंग व नक्षी. भिंतीचा रंग एका दिवाळीला बदलता येतो. खिडकी कुठे आहे ते बदलता येत नाही.

फर्निचर ठरवण्याआधी रिकाम्या घरात एक दिवस काढा. चटई टाका, थर्मासमध्ये चहा न्या, आणि सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवेलागणीला प्रत्येक खोलीत दहा मिनिटं नुसते बसा. ऊन कुठे पडतं, डोळ्यांवर कुठे येतं, समोरच्या बाल्कनीतून थेट आत कुठे दिसतं, रस्त्याचा आवाज कोणत्या खोलीत जास्त येतो, हे लिहून काढा. एका घरात आम्ही टीव्हीमागच्या भिंतीसाठी काळं चकचकीत लॅमिनेट पक्कं केलं होतं. अशा बसण्यात कळलं की सकाळी साडेआठला खिडकीचं अख्खं ग्रिल, बाहेरच्या वाळत घातलेल्या कपड्यांसकट, बरोबर त्याच भिंतीवर उमटतं. चकचकीत पृष्ठभागात ते आरशासारखं दिसलं असतं. त्याच दिवशी मॅट फिनिश घेतलं.

४. नकाशात सगळं फर्निचर बसलेलं दिसतं, प्रत्यक्षात बसत नाही. असं का?

दोन कारणं. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे, तीत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते (बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत). म्हणजे कागदावरचं सगळं क्षेत्रफळ पाय ठेवायला मिळत नाही. दुसरं, माहितीपत्रकातला पलंग बऱ्याचदा खऱ्या पलंगाहून लहान काढलेला असतो. गिलावा झाल्यावर स्वतः टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. तुळई, कॉलमचा बाहेर आलेला भाग, स्विचबोर्ड, दाराची उघडझाप हे सगळं त्या मापात येऊ द्या.

५. आमचा हॉल दहा बाय पंधराचा आहे. एवढ्यात 'जागा' हा घटक काय करणार?

छोट्या घरातच तो सर्वांत जास्त काम करतो. जागा दोन प्रकारची असते, भरलेली आणि मोकळी. बहुतेक जण भरलेल्या जागेचाच हिशोब करतात: एल आकाराचा सोफा, टीव्ही युनिट, शूरॅक, डायनिंग. मी उलट मोजायला सांगते. आधी माणसांच्या वाटा काढा. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची मुख्य वाट तीन फूट, इतर वाटा किमान अडीच फूट. सोफा आणि टीपॉयमध्ये सुमारे दीड फूट. डायनिंग टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत तीन फूट, म्हणजे कुणी बसलेलं असताना दुसऱ्याला उठता येतं. वाटा काढून उरेल ती जागा फर्निचरची.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. सोफ्याच्या, पलंगाच्या, टेबलाच्या मापाचे कागद चिकटपट्टीने जोडून जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेकडेने वावरा. कागदावर पाय पडला की समजा, तिथे खऱ्या घरात गुडघा आपटणार आहे. एका काकांनी एल आकाराच्या सोफ्याचा हट्ट या एका कागदामुळे सोडला. त्यांच्या आईंची काठी घेऊन चालायची वाट त्या सोफ्याच्या कोपऱ्यावरून जात होती.

उंची हाही जागेचाच भाग आहे. स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा करतात, पण घरात जो रोज ओट्यापाशी उभा राहतो त्याच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा आला पाहिजे. सासूबाई आणि सुनेच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक असेल तर जिचं काम जास्त तिच्या मापाने करा आणि दुसरीसाठी पाट किंवा उंच पोळपाट ठेवा. चार मिनिटांच्या मोजमापाने वीस वर्षांची पाठदुखी टळते.

६. घरात 'रेषा' असतात कुठे? आम्ही तर काहीच रंगवलेलं नाही.

जिथे दोन गोष्टी भेटतात तिथे रेषा तयार होते: भिंत आणि छत, टाइलचे सांधे, कपाटाच्या दारांमधल्या फटी, पडद्याच्या चुण्या, खिडकीचं ग्रिल. उभ्या रेषा नजर वर नेतात, आडव्या रेषा खोली रुंद आणि शांत भासवतात, तिरप्या रेषांनी हालचाल वाटते. म्हणून जिना जिथे असेल तिथे लक्ष आपोआप जातं.

खोली अस्वस्थ वाटते आणि कारण सापडत नाही, अशा घरांत मी आधी आडव्या रेषा तपासते. दाराची चौकट सात फुटांवर, कपाट पावणेसातवर, एसीच्या पाइपचं आवरण सव्वासातवर, पडद्याचा रॉड आणखी कुठे तरी. चार वस्तूंच्या चार उंच्या. त्यातल्या दोन-तीन एका पातळीत आणल्या तरी भिंत निवांत होते, आणि सुताराला आधी सांगितलं तर त्याचा वेगळा खर्चही नसतो.

७. खोली उंच दिसावी म्हणून फॉल्स सीलिंग करावं का?

आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये फरशीपासून छत नऊ-साडेनऊ फुटांवर असतं. पीओपी किंवा जिप्समचं छत त्यातले चार-सहा इंच खातं, म्हणजे खोली ठेंगणीच होते. वायरिंग किंवा एसीचे पाइप झाकायचे असतील तर कडेने अरुंद पट्टी करा, मधला भाग मोकळा ठेवा. पंख्याची पाती जमिनीपासून किमान सात फुटांवर राहतील हेही बघा.

उंचीचा भास हवा असेल तर पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता छताजवळ लावा आणि कापड जमिनीपर्यंत येऊ द्या. कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट घ्या, नाहीतर चुण्याच पडत नाहीत आणि उभ्या रेषा मिळत नाहीत.

८. आकाराचा विचार कसा करायचा? फर्निचर तर चौकोनीच असतं.

तेच तर दुखणं आहे. फ्लॅट चौकोनी, टाइल चौकोनी, टीव्ही, सोफा, कपाट सगळं चौकोनी. एखादा गोल किंवा लंबगोल आणला की खोली सैलावते. छोट्या घरात गोल डायनिंग टेबल मला मनापासून आवडतं. कोपरे नसल्यामुळे वाटही मोकळी राहते आणि पाहुणे आले तर पाचवी खुर्ची सरकवता येते. तेच टेबल भिंतीला चिकटवायचं असेल तर मात्र चौकोनीच घ्या. वजनाचाही विचार हवा: पाय असलेल्या सोफ्याखालून फरशी दिसत राहते, म्हणून तो जमिनीला टेकलेल्या सोफ्यापेक्षा हलका वाटतो. केरही नीट काढता येतो.

९. पिवळा उजेड की पांढरा?

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ४००० च्या आसपास मधला, ६००० ते ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बेडरूम आणि हॉलला ३०००, स्वयंपाकघराला आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००, असं मी सुचवते. ६५०० चा दिवा घरात कुठेच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री जेवताना समोरच्याचा चेहरा आजारी दिसतो. आणि एका खोलीत दोन प्रकारचे पांढरे मिसळू नका.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दिवा कुठे लावायचा हा आहे. आपल्याकडे छताच्या मध्यावर किंवा मागच्या भिंतीवर एक ट्यूब लावतात. ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीवर उजेड आणि विळीवर तिची सावली. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. चिरताना बोटं दिसतील. हॉलमध्येही एका भडक दिव्याऐवजी तीन-चार ठिकाणी मंद दिवे ठेवा. जुन्या वाड्यांतले कोनाडे आठवा. पणती भिंतीच्या आत बसायची, ज्योत डोळ्यांवर यायची नाही आणि भिंत तेवढी उजळायची. तो विचार आजच्या लपवलेल्या दिव्यांइतकाच पक्का होता.

खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा जास्त असेल तर दोन पैसे जास्त द्या. भाजीचा ताजेपणा आणि साडीचा रंग त्या दिव्याखाली खरा दिसतो.

१०. हॉल पश्चिमेला आहे. संध्याकाळी भट्टी होते. रंगाने काही होईल का?

रंगाने थोडं, सावलीने जास्त. मुंबईत तर हे कोडं जुनंच आहे: समुद्र आणि वारा पश्चिमेला, आणि तिरपं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या, ज्या राहत्या खोल्यांना ऊन-पावसापासून आडोसा देतात. व्हरांड्याची किंवा कोकणातल्या पडवीची हीच कल्पना, उंच इमारतीत नेलेली.

आपल्या घरात ती गच्ची म्हणजे बाल्कनी. लोक ती काचेने बंद करून हॉलमध्ये घेतात आणि मग हॉल तापतो म्हणतात. बाल्कनी उघडी ठेवा, तिला वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा बाहेरच्या बाजूला लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवण्यापेक्षा बाहेर अडवलेलं बरं. आत मऊ, थंड छटा घ्या. केशरी-पिवळ्या भिंती संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारख्या दिसतात.

११. उत्तरेच्या खिडकीला ऊन येत नाही ना?

बहुतेक वर्ष तिथे सावलीचा, एकसारखा, किंचित निळसर उजेड असतो, म्हणून चित्रकारांना तो आवडतो. अशा खोलीत करडा किंवा निळा रंग उदास होतो. मोतिया, फिकट बदामी चांगले. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो आणि त्या दिवसांत उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. तेव्हा मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत ऊन आलं तर नवल वाटू देऊ नका.

१२. दुकानात आवडलेला रंग घरी भलताच का दिसतो?

आमच्याच बेडरूमला मी एकदा शेडकार्डावरून फिकट करडा घेतला होता. भिंत वाळली आणि खोलीवर शेवाळी झाक आली. रंग बरोबरच होता. खिडकीबाहेर दाट आंबा आहे, आणि पानांवरून परतलेला हिरवा उजेड भिंतीवर पसरत होता. महिनाभराने सगळं पुन्हा रंगवलं.

रंग शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो. पॅरिसमधल्या गोब्लाँ या गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात शेवरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगशाळा सांभाळत होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर रंग पक्का होता, शेजारी विणलेल्या रंगामुळे तो काळा मंदावत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ छापला. तुमच्या सागवानी दाराशेजारची भिंत निळसर वाटते त्यामागे हेच कारण.

म्हणून शेडकार्डावर विसंबू नका. नमुन्याचा छोटा डबा घ्या आणि दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवा. सकाळी, संध्याकाळी आणि तुम्ही जे दिवे लावणार आहात त्यांच्या उजेडात पाहा (दिव्यांसाठी प्रश्न ९). चारही भिंतींना लागल्यावर रंग एकमेकांवर परावर्तित होऊन अधिक गडद वाटतो, म्हणून दोन छटांत अडलात तर फिकी घ्या.

१३. पांढऱ्या भिंतींनी खोली मोठी दिसते, मग गडद रंग टाळायचाच का?

पांढऱ्याला उजेड लागतो. भरपूर उजेड असेल तर पांढरी खोली खरंच ऐसपैस वाटते. शाफ्टकडे उघडणाऱ्या अंधाऱ्या खोलीत पांढरा रंग मळका करडा दिसतो. तिथे मी उलट जाते: गडद निळा किंवा शेवाळी, पिवळसर दिवे, आणि खोली लहान आहे हे मान्य करून ती उबदार करायची. बेडरूममध्ये हे छान जमतं. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत करू नका.

१४. पोत आणि नक्षी यांत फरक काय?

डोळे मिटून हात फिरवल्यावर जे कळतं तो पोत. डोळे उघडल्यावरच कळते ती नक्षी. एका घरी सोफ्याच्या कापडाचे बारा नमुने टेबलावर मांडले होते. घरातले सगळे रंगावर बोलत होते. आजी मात्र एकेक तुकडा गालाला लावून बघत होत्या. रेक्झिनचा तुकडा त्यांनी लगेच बाजूला सारला: "मे महिन्यात पाठीला चिकटेल हे." शेवटी जाडसर हातमागाचं सुती कापड घेतलं, त्यांच्याच निवडीचं.

नव्या घरांतली सर्वांत मोठी उणीव मला पोताचीच वाटते. चकचकीत विट्रिफाइड टाइल, चकचकीत लॅमिनेट, काच, स्टील. सगळं गुळगुळीत. अशा हॉलमध्ये आवाजसुद्धा घुमतो, कारण तो शोषून घ्यायला काहीच मऊ किंवा जाडसर नसतं. एक सतरंजी, जाड पडदे, सोलापुरी चादर टाकलेला दिवाण, बांबूची टोपली: यांतल्या दोन गोष्टींनीही आवाज आणि नजर दोन्ही निवतात. पोत दिसण्यासाठी उजेड बाजूने यावा लागतो. समोरून झगझगीत दिवा मारलात तर खडबडीत भिंतही सपाट दिसते.

१५. एका खोलीत किती नक्ष्या चालतात?

उत्तर घरातल्या पैठणीत आहे. अंगभर मोकळा रंग, त्यावर दूर दूर बारीक बुट्टे, काठाला ठाशीव वेल, आणि सगळा जोर पदरावर. मोठी, मध्यम, बारीक अशी प्रत्येक नक्षी आपापल्या जागी, आणि मध्ये भरपूर विश्रांती. खोलीतही तसंच करा: एका ठिकाणी मोठी नक्षी, एका ठिकाणी बारीक, बाकी साधं.

मुंबईतल्या जुन्या इमारतीत किंवा गोव्याच्या घरात नक्षीच्या सिमेंट टाइल असतील तर पदर पायाखाली आहे असं समजा आणि वरचं सगळं शांत ठेवा. त्या टाइल उखडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घासून, पॉलिश करून त्या पुन्हा उजळतात.

वारलीबद्दलही विचारतात. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढायची ती चित्रं. लग्नातला चौक हा त्यातला मानाचा भाग. उशी, घड्याळ, चहाचा ट्रे सगळीकडे छापील वारली घेण्यापेक्षा पालघरकडच्या चित्रकाराकडून एक भिंत किंवा एक मोठा कागद काढून घ्या.

१६. देवघरासाठी वेगळे नियम आहेत का?

घटक तेच, पण वापर वेगळा. बसून पूजा की उभ्याने, हे आधी ठरवा. उंची त्यावरून येते. पांढरा संगमरवर तेल आणि कुंकू शोषतो, डाग निघत नाहीत, म्हणून पुढच्या पट्टीला ग्रॅनाइट किंवा पितळी ताट ठेवा. समईच्या ज्योतीवर लाकडी फळी येऊ देऊ नका. जाळीदार दार असेल तर धूर कोंडत नाही. देवघरामागे रंगीत एलईडी लावण्याची सध्या पद्धत आहे. ज्योतीचा उजेड त्यात हरवतो, म्हणून मला ते पटत नाही.

१७. वास्तुशास्त्र आणि डिझाइन यांत विरोध आला तर?

श्रद्धा तुमची आहे आणि तिचा मान राखूनच मी काम करते. बहुतेक वेळा तोडगा निघतो: पलंगाची दिशा बदलायची तर प्रश्न ५ मधल्या वाटा पुन्हा मोजायच्या, एवढंच. दोन गोष्टींवर मात्र मी ठाम असते. कॉलम, तुळई यांना कुणाच्याही सांगण्यावरून हात लावायचा नाही. आणि खेळती हवा देणारी खिडकी कायमची बंद करायची नाही. भिंत काढायचीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत आणि सोसायटीची परवानगी आधी घ्या.

१८. आम्ही रत्नागिरीत राहतो. दमट हवेत हे सगळं टिकेल?

निवड बदला. वॉलपेपर आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) टाळा. एकाला पोपडे येतात, दुसरं फुगतं. ओल्या जागी आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलं प्लायवुड घ्या. कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा म्हणजे मागे हवा फिरते. जांभ्याची भिंत उघडी असेल तर नशीबवान आहात. पोत, रंग आणि नक्षी तिन्ही तिने एकटीने सांभाळलेले असतात.

१९. भाड्याचं घर आहे, खिळाही ठोकू देत नाहीत.

तरीही उजेड, पोत आणि नक्षी तुमच्या हातात आहेत. उभे दिवे, सतरंजी, पडदे, पलंगपोस, कुंड्या. हे सगळं पुढच्या घरी सोबत येतं.

२०. आजीचं शिसवी कपाट आहे. नव्या इंटिरियरमध्ये ते विजोड दिसेल का?

सगळं एकाच सेटमधलं असावं हा हट्ट सोडलात तर दिसणार नाही. त्याच्या शेजारी दुसरं गडद लाकूड ठेवू नका, मागची भिंत फिकट ठेवा आणि त्याच्या वरच्या कडेची रेषा आजूबाजूच्या एखाद्या वस्तूशी जुळवा (प्रश्न ६). पॉलिश करा, पण मुठीजवळचा हातांनी झिजलेला भाग घासून नवा करू नका.

२१. सगळं झालं, पण हॉलचा एक कोपरा रिकामा वाटतो. तिथे काय ठेवू?

सध्या काहीच नाही. ठाण्यातल्या एका ताईंनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांना कोपऱ्यासाठी उंच फुलदाणी हवी होती. मी त्यांना एक वर्ष थांबायला सांगितलं. भाद्रपदात तिथे गणपतीचं मखर बसलं, मार्चमध्ये मुलीच्या दहावीच्या अभ्यासाची घडीची टेबल-खुर्ची आली, आणि उन्हाळ्यात गावाहून आलेल्या भाच्यांच्या गाद्या तिथेच पडल्या. फुलदाणी अजून घेतलेली नाही.